तपकिरी मण्यांची बाटली: चौदा महिने वापरल्यावर

आमच्या ऑफिसातल्या हिशेबवाल्या बाईंनी बिल बघितलं आणि विचारलं, "काकू, यात सोनं आहे का?" म्हटलं, सोनं नाही, लोखंड आहे. त्यांचा चेहरा आणखीच पडला. २ मिलिलिटरची इवलीशी बाटली, आत गंजक्या टाकीच्या तळाशी असतं तसलं तपकिरी गढूळ पाणी, आणि किंमत म्हणजे माझ्या पगाराचा चांगला मोठा लचका. अशा दोन बाटल्या चौदा महिन्यांत संपवत आणल्या, म्हणून लिहायचा हक्क आहे असं समजते. कंपनीचं नाव लिहिणार नाही, कारण तक्रारीही लिहायच्या आहेत आणि पुढची बाटली त्याच डीलरकडून घ्यायची आहे.

माल काय आहे ते सांगते. नमुन्यातलं हवं ते प्रथिन पकडायचे चुंबकी मणी, वर स्ट्रेप्टाविडिनचा (एका प्रथिनाचा, त्याचं काम पुढे येईल) लेप, व्यास २.८ मायक्रॉन. प्लॅस्टिकच्या मण्याच्या पोटात लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण कोंबलेले असतात. चुंबक जवळ आणलं की धावत येतात आणि चुंबक काढलं की सगळं विसरून सुटे होतात. हे विसरणं फार महत्त्वाचं. साध्या लोखंडाचा चुरा एकदा चुंबकाला लागला की आपसातही चिकटून बसतो. यांना तशी खोड नाही.

मी मूळची मिरजेची. तिथे सतरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये एलायझा केली (अँटिबॉडीनं, म्हणजे एका ठराविक गोष्टीलाच चिकटणाऱ्या प्रथिनानं, नमुन्यातलं हवं ते पकडायचं आणि एन्झाइमच्या रंगावरून ओळखायचं), म्हणजे खरं तर सतरा वर्षं खड्ड्याखड्ड्यांच्या प्लेटा धुतल्या. एलायझा १९७१ साली स्टॉकहोममध्ये एंग्व्हाल आणि पर्लमान यांनी मांडली, तेव्हापासून आजतागायत तिचा निम्मा जीव धुण्यातच आहे. आता पुण्यात एका छोट्या संशोधन लॅबमध्ये आहे. तीन इंजिनिअर पोरं आणि मी. त्यांना चिप करता येते, मला अँटिबॉडी कळते. काम असं की डेंगीच्या विषाणूचं एनएस१ प्रथिन थोड्याशा सीरममधून (रक्त गोठल्यावर वर राहतं त्या पाण्यातून), लवकर आणि प्लेटरीडरशिवाय, म्हणजे प्लेटेतला रंग मोजणाऱ्या यंत्राशिवाय, ओळखायचं. एनएस१ तापाच्या पहिल्या दिवसापासून रक्तात सापडतं. आयजीएमसाठी, म्हणजे शरीरानं स्वतः केलेल्या पहिल्या अँटिबॉडीसाठी, मात्र साधारण पाचव्या दिवसापर्यंत थांबावं लागतं, आणि पुण्याच्या पावसाळ्यात घरोघरचे लोक थांबायच्या मनःस्थितीत नसतात.

सुरुवातीला मणी नव्हतेच. पोरांनी पीडीएमएसची चिप केली होती, म्हणजे पारदर्शक रबरी वडी काचेवर चिकटवलेली आणि तिच्यात २०० मायक्रॉन रुंद, ५० मायक्रॉन खोल नाली. नालीच्या तळाला १ मिलिमीटरच्या पट्ट्यावर अँटिबॉडी बसवली, वरून नमुना सोडला. रीडिंग आलं ते नसल्यातच जमा. अँटिबॉडी बदलली, ब्लॉकिंग (रिकाम्या जागी नको ते चिकटू नये म्हणून द्यायचा थर) बदललं, माझ्या हातावर शंका घेऊन झाली. शेवटी चिपवाल्या पोराला फळ्यावर हिशेब करायला लावला. मिनिटाला १ मायक्रोलिटर, म्हणजे गोगलगायीनं हसावं अशी चाल. पण नालीचं तोंडच एवढंसं, की त्या चालीनंही द्रव तो पट्टा साधारण अर्ध्या सेकंदात ओलांडतो. आणि नालीच्या वरच्या अंगाला असलेल्या अँटिबॉडीएवढ्या रेणूला ५० मायक्रॉन खाली उतरायला लागतो अर्धा मिनिट. पाहुणा दारावरून गेला, आत आलाच नाही.

प्लेटमध्ये आपण हलवतो, ढवळतो, तासभर ठेवतो. चिपमध्ये ढवळणं नाही. एवढ्याशा नालीत पाणी खळाळत नाही, सरळ रेघेत चालतं. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन एकमेकींत मिसळतात. चिपमध्ये दोन धारा एकत्र सोडल्या तर शेजारच्या दोन बायका न बोलता चालाव्यात तशा चालत राहतात.

इथे मण्यांनी पहिला पैसा वसूल केला. आम्ही पकडायचं काम नालीतून काढून चिपच्या तोंडाशी असलेल्या छोट्या वाटीत नेलं. मण्यांना आधीच बायोटिन (एक जीवनसत्त्व) लावलेली अँटिबॉडी चढवायची. स्ट्रेप्टाविडिन आणि बायोटिनची गाठ सुटता सुटत नाही, त्यामुळे त्याची काळजी नाही. ५० मायक्रोलिटर सीरममध्ये बाटलीतले २ मायक्रोलिटर मणी. एवढ्यात तेरा लाखांच्या आसपास मणी येतात, त्यांचा मिळून पृष्ठभाग ३२ चौरस मिलिमीटर. आमचा जुना पट्टा होता ०.२ चौरस मिलिमीटरचा. म्हणजे जाळं १६० पट मोठं झालं, आणि तेही तळाशी पसरलेलं नाही, सगळ्या नमुन्यात तरंगतं. दोन मण्यांमधलं अंतर भरतं तीस-पस्तीस मायक्रॉन, त्यामुळे एनएस१ला कुठल्या तरी मण्याच्या आसपास पोचायला काही सेकंदच लागतात. प्लेटच्या खड्ड्यात वरचा रेणू न हलवता स्वतःच्या पायांनी ३ मिलिमीटर खाली यायचा म्हटला तर दिवस उलटून जाईल.

मग पंपानं तो सगळा नमुना नालीतून ओढायचा. नाली एका ठिकाणी १ मिलिमीटर रुंद केली आहे, तिथे काचेखाली चुंबक. ५० मायक्रोलिटरमधलं सगळं एनएस१ खसखशीच्या दाण्याएवढ्या एका तपकिरी ठिपक्यात गोळा होतं. पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली बघितलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच नाही. मणी येतात, चुंबकाच्या रेषांवर माळेसारखे उभे राहतात, माळेला माळ लागते. देवघरात बसून बघावं असं दृश्य आहे.

मग एन्झाइम लावलेली दुसरी अँटिबॉडी सोडायची आणि न चिकटलेली धुऊन टाकायची. आणि रीडिंग? पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे एनएस१ असलेला नमुना, तरारून वर आला. ब्लँकही, म्हणजे एनएस१ नसलेला नमुना, तितकाच तरारून वर आला.

पोरांचं तोंड उतरलं. मला मात्र इथे पहिल्यांदा आपल्या घरी आल्यासारखं वाटलं, कारण हा आजार माझ्या ओळखीचा. ब्लँक वर येतो तेव्हा शंभरातल्या नव्वद वेळा धुण्यात खोट असते. (उरलेल्या दहा वेळा कोणीतरी चुकीची बाटली उचललेली असते.) पोरं म्हणाली, काकू, वीस पट वॉश बफर सोडलाय. मी म्हटलं, सोडला असशील, पण कुठून गेला? मायक्रोस्कोपखाली पुन्हा बघ. ठिपका घट्ट बसलेला, बफर त्याला वळसा घालून बाजूनं निघून जातोय. ढिगाच्या पोटात अडकलेला एन्झाइम तसाच.

मिरजेला कृष्णाघाटावर माझी आजी कपडे धुवायची. पाण्यात नुसता बुडवलेला लुगड्याचा बोळा कितीही वेळ धारेत धरला तरी मधला साबण निघत नाही. तो सोडवावा लागतो, पसरावा लागतो, खळबळून पुन्हा गोळा करावा लागतो. मण्यांचंही तसंच. चुंबक बाजूला केलं, मणी सुटे झाले, बफरमध्ये पसरले, मग दुसऱ्या बाजूच्या चुंबकानं ओढून घेतले. पुन्हा उलट. असं पाच वेळा. चिपवाल्यानं बुधवारात पासोड्या विठोबाजवळून एक खेळण्यातली असते तसली छोटी मोटर आणली, तिला काडी बांधली, काडीच्या दोन टोकांना दोन चुंबकं. ती काडी डावी-उजवी होते, मणी नालीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जातात. आम्ही तिला ‘धोबीण’ म्हणतो.

ब्लँक त्याच दिवशी खाली बसला. अँटिबॉडी तीच, मणी तेच, बफर तोच.

माझं मत असं, की मणी लोक ‘जास्त पकडतात’ म्हणून घेतात, पण ते पैसे टाकण्याजोगे आहेत ते धुता येतात म्हणून. नालीच्या भिंतीला चिकटलेली अँटिबॉडी तुम्ही खळबळू शकत नाही. मण्यावरची शकता. सिग्नल वाढवणं सोपं आहे हो, कोणीही वाढवतं. ब्लँक खाली ठेवणं ही खरी कारागिरी, आणि थोडंसं एनएस१ दिसणार की नाही ते ब्लँकवरच ठरतं. बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या डेव्हिड वॉल्ट यांच्या गटानं आणि त्यांच्याबरोबरच्या मंडळींनी २०१० साली दाखवलेली डिजिटल एलायझाही अशीच मण्यांवर उभी आहे. एकेक मणी ५० फेम्टोलिटरच्या इवल्याशा खड्ड्यात बसवायचा आणि चमकणारे खड्डे मोजायचे, अगदी एका रेणूपर्यंत. तिथेही न धुतलेला एक एन्झाइम म्हणजे एक खोटा खड्डा.

आता तक्रारी.

मणी खाली बसतात. बाटलीवरही लिहिलेलं असतं, पण किती लवकर ते स्वतः फसल्याशिवाय कळत नाही. २.८ मायक्रॉनचा मणी सेकंदाला दीड-दोन मायक्रॉन खाली जातो. ऐकायला काहीच नाही, पण दहा मिनिटांत १ मिलिमीटर झाला की. आम्ही सुरुवातीला सकाळी मणी सिरिंजमध्ये भरून ओळीनं आठ चिपा चालवायचो. पहिल्या चिपेचं रीडिंग राजासारखं, आठवीचं भिकाऱ्यासारखं. दोन आठवडे आम्ही चिपांवर संशय घेतला. मग कोणीतरी आडवी ठेवलेली सिरिंज उजेडात धरली, तर तळाशी तपकिरी रेघ! आता प्रत्येक चिपेचे मणी वेगळे, घालायच्या आधी पिपेटनं दहा वेळा वर-खाली. व्हॉर्टेक्स (नळी गरगरा हलवणारं यंत्र) चालतं, पण फेस आला की तो नालीत बुडबुडा होऊन बसतो आणि मग सगळा डाव संपला.

दुसरं, बाटलीतल्या पाण्यात सोडियम अझाइड असतं, बुरशी-जंतू होऊ नयेत म्हणून. आणि अझाइड म्हणजे आमच्या एचआरपीचा, सिग्नल देणाऱ्या एन्झाइमचा, वैरी. मी सुट्टीवर असताना पोरांनी घाईत मणी न धुता वापरले, सुट्टीत मला फोन, "काकू, पॉझिटिव्हसुद्धा मेला!" म्हटलं, बाटलीतून काढल्यावर धुतलेस का रे? पलीकडे शांतता. बाटलीबरोबरच्या कागदावर ‘वापरण्याआधी धुवा’ असं स्पष्ट आहे, पण इंजिनिअर लोक कागद वाचत नाहीत.

तिसरं, रंग. तपकिरी मणी उजेड खातात. शिवाय नेहमीचा टीएमबीचा (एन्झाइममुळे रंगीत होणाऱ्या पदार्थाचा) रंग चिपमध्ये दिसतच नाही, कारण प्लेटमध्ये उजेड ३ मिलिमीटर रंगातून जातो आणि इथे फक्त ५० मायक्रॉनमधून, म्हणजे साठ पट कमी. म्हणून आम्ही रंगाऐवजी चमकणारं सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतो तो पदार्थ) घेतलं, पाच मिनिटं प्रवाह थांबवायचा, मग धोबिणीनं मणी कडेला ओढायचे आणि राहिलेल्या स्वच्छ पाण्याचा फोटो काढायचा. हे जमलं ते छानच, पण बाटलीच्या जाहिरातीत मण्यांच्या रंगाबद्दल अवाक्षर नसतं.

चौथी तक्रार मालाची नाही, पोचवण्याची. मणी २ ते ८ डिग्रीत ठेवायचे, गोठवायचे नाहीत. आमची दुसरी बाटली आइसपॅकला गालफड लावून आली. वितळल्यावर मायक्रोस्कोपखाली बघितली तर मणी द्राक्षांच्या घडांसारखे चिकटलेले. सोनिकेटरमध्ये (आवाजाच्या लहरींनी हलवणाऱ्या यंत्रात) घातले, नावं घेतली, उपयोग शून्य. डीलरनं महिनाभर मेल-मेल खेळून बदलून दिली, ते मान्य करते. पण तो महिना ऑगस्टचा होता, डेंगीच्या ऐन हंगामातला.

मधल्या त्या महिन्यात एक स्वस्त बाटली आणली होती. निम्मी किंमत. मायक्रोस्कोपखाली तांदळात कणी असावी तसे लहानमोठे मणी. कणी चुंबकाकडे यायला आळशी, धुताना बफरबरोबर वाहून जायची, आणि दर चिपेला वेगळा आकडा. सगळे मणी सारखे असणं म्हणजे नुसती टापटीप नव्हे, हे तेव्हा पटलं. सारखे मणी बनवणं हीच मुळात अवघड गोष्ट होती. नॉर्वेत ट्रॉन्हाइमला जॉन उगेलस्टॅड नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात ती साधली. नासानं असले सारखे मणी वजनरहित अवस्थेत, थेट स्पेस शटलमध्ये करून बघितले, आणि या गृहस्थानं जमिनीवर केले. मग त्यांच्या पोटात लोह भरलं आणि त्यातून डायनाबीड्स निघाले. आज बाजारातले बरेच मणी त्याच वाटेनं चालतात. किंमत बघून मी चडफडते तेव्हा हे आठवते. तरी चडफडते.

१ मायक्रॉनचे मणीही मिळतात. वजनाला पृष्ठभाग जास्त, खाली बसतात सावकाश. एका ओळखीच्या लॅबमधून थोडे मागून आणले. पण मणी लहान झाला की चुंबकाची ओढ फार पटकन कमी होते. लोहाचं प्रमाण तेच असेल तर १ मायक्रॉनचा मणी २.८च्या मानानं सातआठ पट सावकाश येतो. आमच्या धोबिणीला तेवढा धीर नाही. प्लेटमध्ये किंवा नळीत करणाऱ्यांनी लहान घ्यावेत, वाहत्या नालीत करणाऱ्यांनी मोठे.

चुंबकाबद्दल दोन शब्द, कारण बाटलीएवढंच ते महत्त्वाचं आणि किमतीला काहीच नाही. निओडिमियमचं ५ मिलिमीटरचं गोल चुंबक, चहा-वड्याच्या पैशात. आम्ही आधी ते १ मिलिमीटरच्या स्लाइडखाली लावलं होतं, मणी येईनात म्हणून मोठं चुंबक आणलं, मग त्याहून मोठं. एक तर एवढं तगडं की पोराचं बोट चिमटलं. शेवटी चुंबक तेच ठेवून स्लाइडच्या जागी पातळ कव्हरस्लिप लावली, ०.१७ मिलिमीटरची. काम झालं. चुंबकाचा जोर अंतराबरोबर इतका झपाट्यानं पडतो की जाडजूड पैलवान लांब उभा करण्यापेक्षा काटक पोरगा जवळ उभा केलेला बरा. आणि ते चुंबक पीडीएमएस पिकवायच्या ओव्हनवर विसरू नका. साधं निओडिमियम ८० डिग्रीच्या पुढे आपलं चुंबकत्व गमावायला लागतं. हेही आम्ही करून बघितलं आहे.

जाता जाता, केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या खाणाऱ्या माझ्या मैत्रिणींसाठी. रक्तात बायोटिन भरपूर असलं की स्ट्रेप्टाविडिनवर चालणाऱ्या काही तपासण्या चुकतात. अमेरिकेच्या एफडीएनं नोव्हेंबर २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. आमच्या पद्धतीत अँटिबॉडी सीरम यायच्या आधीच मण्यांवर पक्की बसलेली असते, म्हणून त्रास जाणवत नाही. पण थायरॉइडची तपासणी करायला जाताना लॅबमधल्या ताईला गोळ्यांचं सांगा.

गुण द्यायचे तर मण्यांना पाचपैकी साडेचार, पॅकिंगला दीड, बरोबरच्या कागदाला तीन, कारण त्यात सगळं आहे पण मुंगीच्या अक्षरात. २ मायक्रोलिटरच्या हिशेबानं एका बाटलीत हजार चिपा व्हायला हव्यात. आमच्या सातशेच झाल्या. उरलेले मणी पिपेटच्या टिपांना, नळ्यांना आणि आमच्या शिकण्याला लागले. नवीन कोणी सुरू करत असेल तर आधी चिप बाजूला ठेवून साध्या एपेंडॉर्फ नळीत, हातात चुंबक धरून महिनाभर एलायझा करा. तिथे ब्लँक खाली येत नसेल तर चिपमध्ये देव आला तरी येणार नाही. आणि ज्यांच्याकडे प्लेटरीडर आहे, दिवसाला नव्वद नमुने आहेत आणि घाई नाही, त्यांनी या भानगडीत पडू नये. प्लेट स्वस्त आहे, शांत आहे, मी सतरा वर्षं तिच्यावर घर चालवलं आहे.

सध्याची बाटली तळाला आली आहे. वाकडी करून हलवली की अजून चाळीसेक चिपांचे मणी निघतील. नवी ऑर्डर पावसाच्या आधी टाकायची आहे, आणि या वेळी ऑर्डरच्या कागदावर खाली, ठळक मराठीत लिहिणार आहे: आइसपॅक आणि बाटली यांच्यामध्ये पुठ्ठा घालणे.